न मागता पुढे आलेला बॉल

सोमवार, रात्री साडेदहा

गोल्फची बॅग वाहणाऱ्या त्या कॅडी पोराचं काही चुकलं नाही, हे आधी लिहून ठेवतो. तळ्यावरच्या पार थ्रीवर, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या होलवर, पोचलो, आबांचा शॉट झाला, आणि मी हात पुढे करायच्या आत पोरानं बॅगेच्या खालच्या कप्प्याची चेन ओढून जुना बॉल काढला. पिवळट पडलेला, कुठल्यातरी बँकेचं नाव अर्धं पुसलेला. न मागता. वर शर्टाला पुसून दिला.

आबा म्हणाले, "मर्दा, बॉल बघूनच तळ्यानं तोंड उघडलं बघ."

सगळे हसले, मीही हसलो. बॉल कुठे गेला ते लिहीत नाही. किणीच्या टोलनाक्यापर्यंत मी ते विसरलोही होतो. तिथं रांगेत गाडी थांबली आणि एकदम आठवलं. तेव्हापासून चपलेत खडा अडकल्यासारखं टोचतंय.

नियमाला ह्यात खोट काढता येत नाही. टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या जागेवरून, ज्या बॉलनं सुरुवात केली त्याच बॉलनं होल संपवायचा, पण एक होल संपून दुसरा सुरू व्हायच्या मधे बॉल बदलायला पूर्ण मोकळीक आहे. मोठ्या स्पर्धांत एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा बॉल शेवटपर्यंत वापरायचा असा स्थानिक नियम लावतात. रविवारच्या चौघांना तो कोण लावतो? आबांनीही लबाडी केलीस असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, नियमाचं पुस्तक उघडून भांडता तरी आलं असतं.

टोचतंय ते एवढंच: न मागता. कॅडीला दोन-तीन रविवारांत सगळं कळतं. सात नंबरच्या आयर्ननं, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठीनं, बॉल किती लांब जातो, बॉल उजवीकडे किती वळतो, आणि साहेबांचं काळीज कुठल्या होलवर हलतं. पहिल्या दोन गोष्टी मी त्याला सांगितल्या होत्या. तिसरी त्यानं बघून ठेवली.

खासबागेत असा मल्ल बघितलाय का कुणी, की जो सलामी झडायच्या आधीच पाठ टेकायला मऊ माती कुठं आहे ते बघून घेतो? मी तेच करत होतो, आणि त्याला हिशेब म्हणत होतो.

बरं, हिशेब म्हणूनच बघू. चांगला, मऊ युरेथेनच्या कवचाचा बॉल म्हणजे चार मिसळींचे पैसे. तळ्यात गेला तर गेला. जुना गेला तर काही नाही. इथपर्यंत बरोबर. पण दंडाला बॉलचं वय कळत नाही. पाण्यात गेला की एक फटका दंड, नवा असो की जुना. टीवरचा पहिला, दंडाचा दुसरा, ड्रॉप करून, म्हणजे तळ्याबाहेर बॉल टाकून, खेळायचा तो तिसरा. कार्डावर पाच किंवा सहा लागतात ते लागतातच. मी चार मिसळी वाचवत होतो, आणि कार्ड वाचवायचा प्रयत्न तर टीवरच सोडून दिला होता.

त्यातही गंमत अशी की जुना बॉल तळ्यात बुडाला, तर ड्रॉप करताना खिशातला नवा कोरा बॉल गुडघ्याच्या उंचीवरून टाकायला नियमाची परवानगी आहे. दंडाची सवलत घेताना दुसरा बॉल चालतो. उलट तो जुना बॉल तळं ओलांडून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बसला, तर मात्र तोच गळ्यात. ग्रीनवर नाणं ठेवून बॉल उचलायचा, पुसायचा, आणि परत तोच ठेवायचा. तिथं खिशातला चांगला बॉल ठेवून पट, म्हणजे भोकाकडे ढकलायचा हलका फटका, मारला तर 2023 पासून एक फटका दंड आहे, आधी दोन होते. म्हणजे बुडाला तर बक्षीस, पार झाला तर शिक्षा. मित्रांच्या खेळात ग्रीनवर सगळेच हळूच बदलतात आणि सगळेच दुसरीकडे बघतात. त्यावर आज लिहीत नाही.

शिक्षा का, तेही सांगतो. खालच्या कप्प्यातले बहुतेक बॉल दोन तुकड्यांचे असतात: आत रबराचा गोळा, वरून आयनोमर प्लॅस्टिकचं कडक कवच. टीवरून ते सरळ जातात, मार खातात, चिरत नाहीत, म्हणून तर जुने होईपर्यंत टिकतात. पण वेजच्या, म्हणजे जवळच्या उंच फटक्याच्या काठीच्या, पात्यावरच्या खाचा त्यांना धरत नाहीत. ग्रीनवर पडले की थांबायच्या ऐवजी मागच्या वाळूच्या बंकरची वाट धरतात. पटरवर टक्क वाजतो आणि अंदाजापेक्षा दोन पावलं पुढे जातो. सकाळपासून हाताला मऊ बॉलची सवय, आणि एकाच होलवर हा दगड. त्या होलवर मी तीन पट का मारतो ते मला दोन वर्षं कळत नव्हतं. नवीन जोड्यानं चालताना एकच पाय कोल्हापुरी चपलेत घालावा तसं ते आहे.

खरी मेख पाण्यात आहे. तळ्यातून काढून विकायला येतात ते बॉल वरून धुऊन चकचकीत दिसतात. कवच काही पूर्ण जलबंद नसतं. बॉल महिनोन् महिने तळाशी राहिला की पाणी हळूहळू आत मुरतं, गाभा मंद होतो, आणि त्याच फटक्याला बॉल कमी जातो. आठवडाभर बुडलेला आणि सहा महिने बुडलेला, बाहेरून दोघे जुळे भाऊ. पुन्हा रंगवलेले तर आणखी वाईट. बॉलवर तीनशे ते चारशे खळ्या असतात, आणि खोली जेमतेम पाव मिलिमीटर. वरून रंगाचा थर बसला की त्याच भरतात. घासून रंगवला तर वरचा काठच झिजतो. खळी उथळ झाली की हवा बॉलला नीट चिकटून वाहत नाही. बॉल उचलला जात नाही, वाऱ्यात लवकर दमतो.

आता माझ्या तळ्याचा हिशेब. टीपासून तळ्याचा पलीकडचा काठ 138 यार्ड. माझं सात नंबरचं आयर्न स्वच्छ लागलं तर हवेतून 145 जातं. सात यार्ड शिल्लक. त्यात पाणी प्यालेला बॉल, म्हणजे पाच-सहा यार्ड तिथंच गेले. फटका टोकाला जरा लागला, की संपलं. जुना बॉल घेतलाच, तर जास्त लांब जाणारा सहा नंबर काढायला हवा, एवढं साधं. आजवर एकदाही काढला नाही. मी बॉल बदलत होतो आणि क्लब, म्हणजे काठी, तीच ठेवत होतो, म्हणजे तळ्यात जायची सोय स्वतःच्या हातानं करत होतो. मग बॉल बुडाला की म्हणायचं, "बरं झालं, जुना होता."

हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय. पोरानं ते प्रत्येक वेळी ऐकलंय.

आणि हाताचं काय होतं ते वेगळंच. जुना बॉल टीवर ठेवला म्हणजे डोक्यानं निकाल दिलेला असतो. पकड आवळते, डोकं लवकर वर येतं कारण बुडबुडा बघायचा असतो, वजन मागच्या पायावर राहतं, आणि बॉलला खालून उचलून पलीकडे टाकायचा प्रयत्न होतो. आयर्नला उचलायचं काम सांगायचं नसतं, तिरकसपणा त्याच्या पात्यातच असतो. उचलायला गेलं की पातं बॉलच्या आधी जमिनीत घुसतं, नाहीतर बॉलच्या पोटावर धार बसते. दोन्हींचा पत्ता एकच.

क्रिकेटमध्ये जुन्या बॉलला केवढा मान. कसोटीत ऐंशी षटकं झाल्यावरच नवा मागता येतो, आणि जुना हातात आला की काही गोलंदाजांचे डोळे चमकतात. गोल्फमध्येही एके काळी जुन्याचीच चलती होती. 1848 च्या सुमारास गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे गुळगुळीत बॉल आले, आणि लोकांच्या लक्षात आलं की खेळून खेळून ओरखडे पडलेला बॉल नव्या कोऱ्यापेक्षा सरळ आणि लांब उडतो. मग नव्याच बॉलवर हातोडीनं खुणा ठोकायला लागले. 1905 मध्ये विल्यम टेलर ह्या इंग्रज माणसानं खळ्यांचं पेटंट घेतलं. म्हणजे आजचा नवा बॉल आधीच जुना करून, मोजून-मापून डाग पाडून आलेला असतो. दीडशे वर्षं आधी जन्मलो असतो तर खालच्या कप्प्याचा राजा असतो मी.

संध्याकाळी जुन्या बॉलचा डबा काढला. 37 निघाले. आधी नख फिरवलं. नख अडकलं तो बॉल बाजूला. सिमेंटच्या रस्त्यावर आपटलेल्याचा नुसता रंग खरवडलेला असतो, तो चालतो. आयर्नच्या धारेनं हसल्यासारखी चीर पडलेला चालत नाही. खेळता खेळता बॉल चिरला किंवा तडकला तर होलच्या मधेही बदलता येतो, पण नुसता खरचटला म्हणून नाही, हेही ह्या निमित्तानं पुन्हा वाचलं. अकरा गेले.

उरलेल्यांना मिठाच्या पाण्याची परीक्षा. बॉल साध्या पाण्यात बुडतो: व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम, म्हणजे पाण्यापेक्षा साधारण एक अष्टमांश जड. एक लिटर कोमट पाण्यात पाव किलो मीठ विरघळवलं की तो वर येतो आणि टाळूएवढा भाग बाहेर राहतो. मग बोटानं गरकन फिरवायचा. थांबला की वर आलेल्या जागी पेनानं ठिपका. पुन्हा फिरवायचा. दर वेळी वेगळी जागा वर आली तर बॉल समतोल. चार-चार वेळा तोच ठिपका वर आला तर खालची बाजू जड आहे, असा बॉल पटला वाकडा धावतो आणि आपण ग्रीनला शिव्या देतो. मीठ कमी पडलं तर बॉल तळाशी बसतो आणि वाटतं परीक्षाच चुकली. तेव्हा चमचा-चमचा वाढवत जायचं, खडेमीठ असेल तर पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं. घरात मीठ संपल्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

26 पैकी नऊ बॉल ठिपका सोडायला तयार नाहीत. पाणी किती मुरलंय ते मात्र ह्या परीक्षेत कळत नाही. त्याला उपाय एकच, बॉल कुठून आला ते लक्षात ठेवणं. विकत घेतलेला तळ्यातला असेल तर तो सरावाच्या पिशवीत, बाकी कुठे नाही.

तसलेही बाजूला काढून सगळे निवडून झाल्यावर सात बॉल उरले, आणि ते सातही मी रोज खेळतो त्याच मॉडेलचे निघाले. दोन-दोन फेऱ्या झालेले, रंग जरा उतरलेला, बाकी ठणठणीत. हे डब्याच्या तळाशी पडून होते आणि मी बँकेचं नाव घेऊन तळ्याला सामोरा जात होतो. आता पार थ्रीवर ह्यांतलाच एक. उडणार तेवढाच, थांबणार तसाच, ग्रीनवर बदलायचा मोह नाही, आणि बुडाला तर चार मिसळींच्या ऐवजी दोन. मी काही एकदम शूर झालेलो नाही. तळं दिसलं की पोटात गोळा येणार तो येणारच, आबांनाही येतो, त्यांचं फक्त बोलणं मोठं. पण त्यांच्या बॅगेलाही खालचा कप्पा आहे, आणि त्याची चेन कालच अर्धी उघडी होती. बघितलंय मी.

पोराला काय सांगायचं हा प्रश्न उरतो. "जुना देऊ नको" म्हटलं तर त्याला वाटेल आपलं चुकलं. काही न बोलता खालचा कप्पाच रिकामा ठेवावा, हे बरं. रविवारी तो चेन ओढेल, आत हात घालेल, आणि माझ्याकडे बघेल.

कप्पा आत्ताच रिकामा करून आलो. एक राहू दिला, बँकेचा. तो तळ्यात गेला नव्हता.