वहीतलं शून्य

जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय शिबिरात मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज सकाळी साडेसहाला मुली माझ्या खोलीत येतात, टेबलावरच्या वहीत आपल्या नावापुढे एक आकडा लिहितात आणि वॉर्म-अपला पळतात. शून्य म्हणजे कुठेच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. त्या सकाळी बारा नावांपुढे नऊ शून्यं होती, दोन ठिकाणी एक, एका ठिकाणी दोन. आठवड्याला तीस-पस्तीस तास सराव करणाऱ्या मुलींचे हे आकडे खरे असूच शकत नाहीत. मला ते कळत होतं. तरीही मी वही मिटून ठेवली.

सकाळचं सत्र आमच्याकडे अनइव्हन बार्सने, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या दोन आडव्या दांड्यांनी, सुरू होतं, कारण तळहात तेव्हा ताजे असतात. तळहाताला बांधायच्या ग्रिपच्या चामड्यावर थोडं पाणी, त्यावर चॉक, मग मनगटाचं बकल एक भोक घट्ट, पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. प्रत्येकीची पद्धत ठरलेली. रात्री झोपण्याआधी त्या तळहाताचे घट्टे कानशीने घासून सपाट करतात, कारण वर आलेला घट्टा बारवर अडकला की कातडीसकट निघतो. ‘हात फाटला’ एवढंच म्हणतात त्याला. तो धुतात, टेप लावतात आणि पुन्हा रांगेत उभ्या राहतात. हात फाटला हे मात्र कुणी लपवत नाही. ते सगळ्यांना दिसतंच.

बार्सनंतर बीम, म्हणजे तोल सांभाळायची तुळई. दहा सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच. मग शाळेचे तास, जेवण, थोडी झोप, आणि दुपारी व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायची उडी, व फ्लोअर, म्हणजे मॅटवरच्या कसरती.

दुपारी मी दाराकडे पाठ करून एका मुलीच्या घोट्याला टेप लावत होते. दार उघडंच असतं. इतक्या वर्षांत व्हॉल्ट मला न बघता कळतो. धाव जवळ येते, राउंड-ऑफच्या, म्हणजे हातांवरून घ्यायच्या गिरकीच्या, वेळी हात मॅटवर पडतात, स्प्रिंगबोर्ड वाजतो, टेबलावर तळहात आपटतात, मग क्षणभर काहीच नाही, आणि शेवटी धप्. एकच आवाज, दोन्ही पाय बरोबर. त्या दुपारी मधूनच एखादा व्हॉल्ट ‘ध-धप्’ असा वाजत होता. पाय एकामागून एक टेकत होते. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा टेप हातात तशीच धरून मी दारात गेले.

व्हॉल्ट मारणारी ती सोळा वर्षांची, ज्येष्ठ गटातलं पहिलंच वर्ष. निवड चाचणी नऊ दिवसांवर होती. मी हाक मारली तर म्हणाली, “काही नाही मॅडम, आज बोर्ड जरा लांब लागलाय.”

तिला आत घेतलं. उजव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं. वाकली, नेहमीसारखी सहज. मग डाव्या पायावर. तेव्हाही चेहरा जराही हलला नाही. या मुलींना चेहरा सांभाळायचं शिक्षण लहानपणापासून मिळतं, पंचांसमोर तो हसराच हवा असतो. पण डाव्या पायाचा अंगठा फरशीत रुतवल्यासारखा घट्ट वळला आणि नखाखालचा गुलाबी रंग गेला.

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

त्या तीन आठवड्यांत मी रोज तिच्या मनगटाला टेप लावली होती. रोज तिचं शून्य वाचलं होतं. वही तिच्यासमोर उघडली आणि विचारलं, “इथे का नाही लिहिलंस?”

ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. “मॅडम, ही वही तर सर वाचतात ना?”

सर म्हणजे आमचे प्रशिक्षक. वाचतात. दर सोमवारी मीच ती त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवत होते. सरावाचा भार ठरवायला त्यांना मदत व्हावी म्हणून. त्याच टेबलावर निवडीची यादीही बनते, हे बाराही मुलींना माहीत होतं. मीच कधी त्या नजरेने वहीकडे बघितलं नव्हतं.

संध्याकाळी एमआरआय झाला. कमरेच्या पाचव्या मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो. पुन्हा पुन्हा मागे वाकून, वर लँडिंगचे हादरे खाऊन तो थकतो आणि त्याला तडा जाऊ लागतो. तिच्या डाव्या बाजूला हाडात सूज होती, आरपार तुटलेलं नव्हतं. या टप्प्यावर सापडलं तर विश्रांतीने भरून येण्याची चांगली आशा असते, त्याला साधारण तीन महिने लागतात. तसंच रेटत राहिलं तर पूल दोन्ही बाजूंनी तुटू शकतो आणि मग मणकाच पुढे सरकण्याची भीती.

डॉक्टरांनी समजावलं तेव्हा ती रडली नाही. लगेच घासाघीस सुरू केली. “बार्स तरी करू? तिथे लँडिंग एकदाच असतं.” नाही. “भिंतीला हँडस्टँड?” तेही सहा आठवड्यांनी बघू. “मग पुलअप्स?” पुलअप्सना डॉक्टर हो म्हणाले, आणि तिने असा श्वास सोडला, जणू चाचणीत जागा मिळाली.

सरांना सांगायला मी घाबरत गेले होते. त्यांच्या पिढीसमोर 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमधली अमेरिकन जिम्नॅस्ट केरी स्ट्रग आहे. घोटा दुखावलेला असताना दुसरा व्हॉल्ट मारून ती एका पायावर उभी राहिली. तो व्हॉल्ट नसता तरी अमेरिकेचं सांघिक सुवर्ण पक्कं होतं, हे मागाहून हिशेब केल्यावर कळलं. माझ्या मुलींच्या डोळ्यांसमोर 2021 ची टोकियोतली सिमोन बाइल्स आहे, हवेत शरीराचा अंदाज चुकायला लागल्यावर सांघिक अंतिम फेरीतून बाजूला झालेली. मला वाटलं होतं, तेव्हापासून ‘दुखतंय’ म्हणणं सोपं झालं असेल. टीव्हीवर बघून टाळ्या वाजवणं आणि आपल्या नावापुढे पाच लिहिणं यात खूप अंतर आहे.

सर बराच वेळ रिपोर्ट धरून बसले. यादीतलं तिचं नाव त्यांनी स्वतः खोडलं. मग म्हणाले, “हॉलमध्ये मी तिच्यापासून दहा फुटांवर उभा होतो. मला ऐकू आलं नाही.”

मी वहीचं सांगितलं. यापुढे ती माझ्याकडे आणि डॉक्टरांकडेच राहील, कुणाचा भार किती कमी करायचा ते आम्ही दोघं कळवू, आकडे दाखवणार नाही. त्यांना ते आवडलं नाही. अर्धा तास वाद झाला. शेवटी “ठीक आहे,” म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी दारातच उभी राहून मुलींना ते सांगितलं आणि टेबलाच्या खणाची किल्ली दाखवली. कुणी काही बोललं नाही. त्यांच्यात सर्वांत मागे ती होती, कमरेला पट्टा बांधून. नेहमीपेक्षा रांग हळू सरकत होती. सर्वांत लहान मुलीने शून्य काढलं, पेन तसंच टेकवून ठेवलं, मग शून्य खोडून शेजारी सहा लिहिलं.

“कुठे गं?” मी विचारलं.

“टाच. दोन्ही.”

मी टेबलावरची चादर सरळ केली आणि तिला बूट काढायला सांगितले.