लांडगे, मिंगस आणि जोनी

गायिका जोनी मिचेलच्या ‘मिंगस’ या अल्बममध्ये एका गाण्यात लांडगे ओरडतात. खरेखुरे. त्यामुळे आमच्या घरात तो मोठ्या आवाजात लावायची सोय नाही.

अल्बम १९७९चा. जोनी कॅनडातल्या सॅस्कॅटूनमध्ये वाढलेली. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या हाताला पुरेसं बळ उरलं नाही, म्हणून तिने गिटारच्या तारा आपल्या सोयीने वेगळ्याच स्वरांत लावून घेतल्या. एकटीने गिटारवर म्हटलेल्या फोक गाण्यांनी नाव झालं. मग चार्ल्स मिंगस या जॅझमधल्या बड्या असामीने तिला बोलावून घेतलं. एएलएस या स्नायू लुळे करणाऱ्या आजाराने तो तेव्हा व्हीलचेअरला खिळला होता. बेस हे त्याचं खर्जातलं तंतुवाद्य वाजवणं संपलेलं, म्हणून चाली टेपरेकॉर्डरमध्ये गुणगुणायचा. अशा सहा चाली केल्या आणि त्यांना नावं दिली जोनी १, जोनी २... शब्द तिने लिहायचे.

जानेवारी १९७९मध्ये तो मेक्सिकोत वारला. त्याच्या रक्षेचं विसर्जन पत्नीने आपल्या गंगेत केलं. एक सोडून सगळी गाणी त्याने ऐकली होती. उरलेलं गाणं तिने नंतर पुरं केलं. त्यातला सुरुवातीचा ‘मी तीन आहे’, म्हणजे एकाच माणसात तिघे, हा विचार त्याच्याच आत्मचरित्रातला.

गाण्यांच्या मधेमधे मिंगसच्या घरगुती टेपचे तुकडे आहेत. वाढदिवसाच्या पार्टीत त्याच्या वयावरून हुज्जत, कुठे स्वतःच्या अंत्यविधीची चर्चा. काहींना हे तुकडे अडथळ्यासारखे वाटतात. मला ते गाण्यांइतकेच आवडतात, एकदोन गाण्यांपेक्षा जरा जास्तच!

जाको पास्टोरियसचा बेस तिला साथ करत नाही, सरळ जुगलबंदीलाच उतरतो. वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन मध्येच येऊन दोन स्वर टाकून जातो. इलेक्ट्रिक पियानोवर हर्बी हॅनकॉक. अशा मातब्बरांत जोनीचा आवाज कधी कधी चाचपडतो. मिंगसच्या वळणदार चालीत शब्द कोंबताना तिची दमछाक कळते, आणि ती लपवायची खटपट तिने केलेली नाही. नावारूपाला आलेल्या बाईने पुन्हा शिकाऊ व्हायचं ठरवलं, तेही हजारोंच्या कानांदेखत! फोकवाल्यांना हे पचलं नाही, जॅझवाल्यांनीही नाकं मुरडली.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने ‘द ड्राय क्लीनर फ्रॉम डे मॉइन’पासून सुरुवात करावी. जुगाराच्या मशीनवर जिंकत सुटलेला एक ड्रायक्लीनर आणि शेजारी सुटे पैसे संपत आलेली गायिका. ब्रास, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं, तुफान वाजतं. लांडगे नाहीत.