जोआ हेवन: 'पार्क' या शब्दावर जाऊ नका

'नॉर्थवेस्ट पॅसेज टेरिटोरियल पार्क' हे नाव वाचून मी फाटक, पायवाटा आणि बाकं असं काहीतरी डोक्यात घेऊन निघालो होतो. तसलं काही नाही. कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या किंग विल्यम बेटावरच्या या गावात ठिकठिकाणी फलक लावलेत, तेच पार्क. गाव संपलं की टुंड्रा, झाड औषधालाही नाही. बूट आणि गरम कपडे तुम्ही आणालच, ते सांगत बसत नाही.

विमानाशिवाय वाट नाही. वाटेत येलोनाइफ शहरात धुक्यामुळे दोन दिवस अडकलो, तेव्हा हाताशी जादा दिवस ठेवा.

आता मी जिथे फसलो तो टप्पा. वरच्या चढावरचं, नॉर्वेचा ध्रुवीय प्रवासी अमुंडसेन याच्या वेधशाळेचं ठिकाण नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसतं, म्हणून मी फलक सोडून सरळ कापत गेलो. घोटाभर पाणी, खाली डुगडुगते दगड, वर डास. असे डास की जेवायला तोंड उघडायची भीती! अर्ध्या तासाच्या वाटेला दोन तास लागले. परतताना पाय इतके दुखत होते की भाव न ठरवताच एकाच्या चारचाकी मोटरसायकलवर बसलो आणि ऐंशी डॉलर मोजले. चूक माझीच, पण भाव आधी ठरवा. आणि डोक्याची जाळी घरूनच आणा.

वर आहे काय? तर दगड. मी मात्र तासभर हललो नाही. 1903 ते 1905 असे दोन हिवाळे अमुंडसेन इथे चुंबकीय ध्रुवाच्या मागावर होता. लोखंडाने चुंबकसुया बिघडू नयेत म्हणून वेधशाळेला तांब्याचे खिळे! त्याच्या आधी नॉर्थवेस्ट पॅसेज, म्हणजे अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारी उत्तरेची सागरी वाट, शोधायला निघालेल्या ब्रिटिश फ्रँकलिनची जहाजं याच बेटाच्या पश्चिमेला बर्फात अडकली आणि त्याच्या मोहिमेतली 129 माणसं संपली. तेव्हाच्या नकाशांत बेटाच्या पूर्वेची वाट बंद दाखवली होती. ती खुली असल्याचं जॉन रे या शोधप्रवाशाने 1854 मध्ये पाहिलं, आणि अमुंडसेनचं छोटं जहाज 'योआ' तिकडूनच आलं. म्हणजे नकाशाने फसलेला मी काही पहिला नव्हे.

फ्रँकलिनची बुडालेली जहाजं बघायला मिळतील या आशेवर येऊ नका, तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही. गावातलं संग्रहालय, नत्तिलिक हेरिटेज सेंटर, मात्र आधी बघा, मग फलक. ऑस्लोहून परत आलेल्या, अमुंडसेनने इथून नेलेल्या वस्तू तिथे आहेत. मी उलट केलं आणि निम्मे फलक कळलेच नाहीत. उरलेला दिवस निवांत गेला.