पेन्सिलीचा तुकडा

सुझूची पेन्सिल झिजून झिजून इवलीशी झाली आहे; चिमटीत धरली तर नखंच कागदाला लागतील. टाकून द्यायचा प्रश्न नाही. हिरोशिमाच्या एबा भागात नोरी, म्हणजे समुद्री शेवाळ, वाळवून विकणाऱ्या घरातली ही पोर, आणि सारखं काहीतरी चितारत बसायचं वेड. वर्गातला तेत्सू मिझुहारा हा एक दांडगट मुलगा. तो एके दिवशी टेकडीवर तिच्यापुढे एक पेन्सिल धरतो. भावाची आहे, पुष्कळ आहेत, असं काहीतरी तुटक बोलतो. भाऊ समुद्रात बुडून गेलेला आहे.

‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ हा सुनाओ काताबुची यांचा २०१६चा चित्रपट, फुमियो कोनो यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, केलेला. युद्ध आणि न बोललेलं प्रेम ही जोडी ॲनिमेत, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांत, नवी नाही. पण पुष्कळदा शेवटाकडे पाऊस पडतो, व्हायोलिनं वाजतात आणि जे बोलायचं नव्हतं ते बोललं जातंच. इथे पेन्सिल देऊन झाली की विषय संपतो.

संपतो म्हणजे, तेत्सूच्या बाजूने संपतो. त्याला समुद्राचं चित्र काढायचं आहे आणि तो नुसता बसलाय, कारण चित्र झालं की घरी जावं लागेल, आणि भाऊ गेल्यापासून त्या घरात जावंसं वाटत नाही. लाटांचे पांढरे तुरे बघून तो म्हणतो, ससे उड्या मारताहेत. सुझू ते चित्र त्याच्यासाठी काढून देते आणि त्यात खरोखर ससे काढते. ती आली होती सरपणाला पाइनच्या वाळक्या काड्या वेचायला. तेवढ्या वेळात तो तिची टोपली भरून ठेवतो. हिशेब चुकता. मग चित्र बघून कुरकुरतो, की आता या समुद्राचा राग तरी कसा धरायचा.

जपानीत प्रेमाला ‘आइशितेरु’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो घरात सहसा कुणी वापरत नाही. आपल्याकडे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं की रंगमंचाचा पडदा वर गेल्यासारखं वाटतं, तसंच. रोजचा शब्द ‘सुकी’. त्याची बांधणी ऐकली की मराठी माणसाला ओळख पटते: ‘मला तू आवडतोस’मध्ये जसा ‘तू’ कर्त्याच्या जागी जाऊन बसतो आणि ‘मी’ बाजूला उभा राहतो, तसंच तिथेही. इंग्रजी सबटायटलात मात्र ‘मी’ पहिल्याच ओळीत ठाण मांडतो. म्हणून एक डोळा पात्रांच्या हातांवर आणि कान जपानीवर ठेवून हा चित्रपट बघावा. सबटायटल चुकलं तर चुकलं.

तो शब्द या गोष्टीत कुठे येतो, ते बघण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९४४मध्ये सुझूचं लग्न होतं आणि ती कुरेला, हिरोशिमाजवळच्या नौदलाच्या बंदरात, येते. नवरा शुसाकू होजो नौदलाच्या लष्करी न्यायालयात कारकून. डिसेंबरात तेत्सू रजेवर तिच्या दारात उभा राहतो. आता तो ‘आओबा’ क्रूझरवरचा खलाशी आहे. खरी ‘आओबा’ ऑक्टोबर १९४४मध्ये फिलिपिन्सच्या लुझोन बेटाजवळ टॉर्पेडो लागून कशीबशी तगली आणि १२ डिसेंबरला कुरेत पोचली. म्हणजे तेत्सूची रजा अगदी तारखेत बसवलेली. काताबुचींचं काम असं.

या वेळी तो पेन्सिल आणत नाही, पक्ष्याचं पीस आणतो. सुझू त्याचं बोरू करते. पिसाच्या दांड्याचं टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची, शाईत बुडवायचं. चीर लांब गेली तर टोक फाकतं आणि शाई कागदावर सांडते. आखूड राहिली तर शाई उतरतच नाही. देणारा तोच, घेणारी तीच, वस्तूही पुन्हा चित्र काढायचीच.

रात्री शुसाकू पाहुण्याला कोठाराच्या माळ्यावर झोपायला धाडतो आणि सुझूला म्हणतो, त्याला आन्का नेऊन दे. आन्का म्हणजे पांघरुणात पायाशी ठेवायची निखाऱ्याची पेटी. निखारा राखेत पुरून ठेवायचा असतो: राख कमी पडली तर तो भराभर जळून संपतो आणि पांघरूणही धोक्यात येतं, जास्त झाली तर हवा न मिळून विझतो. सुझू ती घेऊन जाते आणि मागे शुसाकू घराचं दार आतून लावून घेतो. यावर प्रेक्षकांत वाद होतात, की हा मनाचा मोठेपणा की बायकोचा अपमान. दोन्ही आहे, आणि तिसरंही काही आहे, त्याच्याकडे येऊच.

माळ्यावर तेत्सू जवळ येतो. अशा दिवसाची आपण वाट बघत होतो असं सुझूला वाटतं, तसं ती म्हणतेही. आणि त्याच दमात तिला संताप येतो, नवऱ्याचा. तेत्सूला समजायचं ते समजतं. तुला तो माणूस आवडतो, एवढं तो म्हणतो. ‘सुकी’ येतो तो इथे: ज्याने गमावलं त्याच्या तोंडी, आणि दुसऱ्या पुरुषाबद्दल.

युद्धाला मात्र चारचौघांत दाखवता येईल असंच प्रेम चालतं. त्या काळच्या जपानात त्याचा नमुना म्हणजे सेन्निनबारी, हजार जणींचे टाके. साधारण मीटरभर लांबीची पांढरी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्याच्या हजार गाठी, एकेक गाठ एकेका बाईने घालायची. सुईच्या टोकाभोवती दोऱ्याचे वेढे द्यायचे, अंगठ्याने दाबून धरायचे आणि सुई सावकाश ओढायची. घाईने ओढली की वेढे सुटून गुंता होतो. रस्त्यावर, स्टेशनाबाहेर बायका पट्टी धरून उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला एक टाका मागत. व्याघ्रवर्षी जन्मलेली बाई आपल्या वयाइतक्या गाठी घालू शकायची, कारण वाघ हजार री (‘री’ हे अंतराचं जुनं जपानी माप) जातो आणि हजार री परत येतो, असा समज. पट्टीत पाच सेनचं (सेन म्हणजे येनचा शंभरावा भाग) नाणं शिवत, कारण चार सेनला ‘शिसेन’ म्हणतात आणि त्याच उच्चाराचा अर्थ मरणाची रेघही होतो; पाच म्हणजे ती रेघ ओलांडली. हे सगळं पोटाला बांधून आघाडीवर गेलं की गाठींत उवा होत. आंघोळ नाही, अंगाची ऊब आहे, लपायला हजार जागा आहेत. उवांना आणखी काय हवं? शेवटी पुष्कळ सैनिक ती पट्टी सोडून सामानात ठेवून देत.

शुसाकूचं गुपित याहून कितीतरी लहान आहे. त्याच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा कापलेला आहे. रिन नावाच्या, वेश्यावस्तीत राहणाऱ्या बाईला नाव-पत्ता लिहून देण्यासाठी तो कापला होता. २०१६च्या १२९ मिनिटांत हे जेमतेम डोळ्यांसमोरून जातं. पापणी लवली की गेलं. २०१९च्या १६८ मिनिटांच्या आवृत्तीत सुझूला ते उमगतं, जेन्शियनच्या फुलांची नक्षी असलेला एक वाडगाही येतो, आणि माळ्यावरच्या रात्री ते दार का लागलं असावं याचा अंदाज करता येतो. लांब आवृत्ती समृद्ध आहे, वादच नाही. तरी तो कापलेला कोपरा आधी छोट्या आवृत्तीत चुकवावा आणि मग मोठीत सापडावा, हा क्रम बरा.

२२ जून १९४५. उशिरा फुटणारा बॉम्ब. नणंदेची लहान मुलगी हारुमी सुझूच्या उजव्या हाताला धरून चाललेली. हारुमी जाते, आणि तो हातही जातो: ससे काढणारा, पेन्सिल घेणारा, पिसाचं बोरू करणारा. मांगात कोनो यांनी इथून पुढची पार्श्वभूमी डाव्या हाताने काढली आहे. घरं, डोंगर, सगळं कलतं आणि थरथरतं. चित्रपटातही ते वेडंवाकडं दिसायला लागतं. तेत्सूचं नावही निघत नाही. पण तो समुद्र पुन्हा कुणी काढून देणार नाही, हे रेषेवरून कळतं.

जुलैच्या अखेरीच्या हल्ल्यांत ‘आओबा’ कुरेच्या उथळ पाण्यात बसली. बुडायलाही पुरेसं पाणी नव्हतं. युद्ध संपल्यावर सुझू त्या किनाऱ्याने जाते, तेव्हा तेत्सू काठावर उभा राहून आपल्या बोटीकडे बघत असतो. आपण मेलो तर हसून आठवण काढ, असं माळ्यावर तो म्हणाला होता. पण तो जिवंत आहे. लाटांवर ससे उड्या मारताहेत. सुझू त्याला हाक मारत नाही.