पावसात डोळे उघडे ठेवून

जून लागला की आमच्या घरातल्या कपाटाचे खालचे कप्पे रिकामे होतात. घराची कागदपत्रं, मुलीच्या मार्कलिस्ट, गिऱ्हाइकांची शिवायला आलेली कापडं, सगळं माळ्यावर जातं. चिपळूणच्या बाजारपेठेत राहणाऱ्या कुणालाच याचं नवल वाटणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी आमच्या दुकानाच्या छताला लागलं होतं. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या माणसांनी पाहिलेला होता. तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते प्रत्येकाला पाठ होतं, आणि तोच हिशोब धरून लोक घरात थांबले.

पुराबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय ते त्यानंतरचं. गाळ उपसला, पंचनामे झाले, नवी मशीन आली, दुकान परत सुरू झालं. माझ्या अंगातून मात्र पाणी ओसरलं नव्हतं. रात्री पत्र्यावर पावसाची सर वाजली की मी ताडकन उठून बसायची. दातखीळ बसलेली, तळहात गार. टॉर्च घेऊन जिन्याची शेवटची पायरी कोरडी आहे का ते बघून यायचं, पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा उठायचं. दिवसाही गटाराच्या कडेला काढून ठेवलेल्या ओल्या गाळाचा वास आला, की हातातली कात्री हातातच राहायची. बोटं आपली वाटायचीच नाहीत.

"अगं, सगळ्यांचंच गेलं, तू एकटीच काय धरून बसलीस?" असं म्हणणारी माणसं वाईट नव्हती. त्यांचंही गेलंच होतं.

ननंदेने विपश्यना सुचवली. तिने स्वतः इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर केलंय आणि तिला त्याचा खरोखर उपयोग झालाय. त्या आधी घरी सवय करावी म्हणून मी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसू लागले. डोळे मिटले की तीच रात्र. लाइट गेलेली, मोबाइल बंद पडलेले, आणि खालून जिन्यात पाणी चढतानाचा तो गुडगुड आवाज. छाती इतकी धडधडायची की मी उठून उजेडात जाऊन उभी राहायची.

रत्नागिरीच्या एका समुपदेशक ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलीच गोष्ट सांगितली, "डोळे मिटू नका. आत्ता तुम्हाला आत बघायची नाही, बाहेर बघायची गरज आहे." मोठा आघात झालेल्या माणसाला एकदम आत उतरायला लावलं तर त्रास वाढू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक त्रासाबद्दल आधी विचारतात, ते उगीच नाही.

त्यांनी शरीराचं जे समजावलं त्यातलं मला उमगलं ते असं. मेंदूत अमिग्डाला नावाचा छोटासा भाग धोक्यावर नजर ठेवतो. आपण विचार करायच्या आत तो इशारा देऊन मोकळा होतो. त्याला तारीख कळत नाही, २०२१ चा पाऊस आणि आजचा पाऊस त्याला एकच. वासाची वाट तर त्याच्यापर्यंत फारच जवळची, म्हणून पुराच्या फोटोंपेक्षा गाळाचा वास मला जास्त हलवत होता.

दुसरी गोष्ट ऐकून मी त्यांच्यासमोर रडले. त्या रात्री नवरा आणि शेजारचा मुलगा मिळून सासूबाईंना वरच्या गच्चीवर नेत होते, आणि मी पायरीवर बसून राहिले होते. हात उचलत नव्हता. हाका ऐकू येत होत्या, तोंडातून शब्द फुटत नव्हता. ताई म्हणाल्या, "पळणं आणि लढणं जसं शरीर आपोआप करतं, तसंच थिजणंही. तुम्ही ते ठरवून केलेलं नाही." हे मी सासूबाईंना येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय ते ठाऊक नव्हतं होय? तुझा चेहरा बघितला होता मी."

मग सराव सुरू झाला, तोही मशीनवर बसूनच. दोन्ही पावलं जमिनीवर टेकवायची. मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे वळवून दुकान बघायचं: अस्तराचे तागे, भिंतीवरचं कॅलेंडर, दारातून दिसणारा रिक्षावाला. साडीच्या काठावरून अंगठा फिरवायचा आणि जरीची वीण कुठे खरखरीत, कुठे गुळगुळीत लागते ते बघायचं. श्वास आत घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे कुणीही मनगटावर बोट ठेवून तपासावं. संध्याकाळी दिवा लावल्यावर सासूबाई आणि मी भ्रामरी प्राणायाम करतो. त्यांचा गुंजार माझ्यापेक्षा लांब चालतो. मी अजून डोळे उघडेच ठेवते.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. "काही होणार नाही, शांत राहा" हे वाक्य चिपळूणमध्ये कुणी कुणाला सांगू नये. होऊ शकतं. झालेलं आहे. मनाला खोटं पटवून मिळवलेली शांती पहिल्या मोठ्या सरीला तुटते. म्हणून रात्री जाग आली की माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाय जमिनीला, मग दोन-चार लांब श्वास, आणि हात गार नाहीत असं झाल्यावरच मोबाइल. वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर, धोक्याची ७. पाणी त्याच्या किती खाली आहे ते बघायचं. दाभोळच्या खाडीची भरती किती वाजता आहे ते बघायचं, कारण भरतीत नदीचं पाणी समुद्रात लवकर उतरत नाही. पातळी चढत असेल तर सासूबाईंना उठवायचं, औषधांची पिशवी घ्यायची. नसेल तर झोपायचं. पूर्वी मी दहा वेळा जिना उतरूनही मला काहीच कळत नव्हतं, कारण बघणारी मी नव्हतीच, माझी भीती बघत होती.

सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. गेल्या जुलैमध्येही रात्री दोनदा-तीनदा उठले. पण पंधरा-वीस मिनिटांत परत झोपही लागली, आणि सकाळी ब्लाउज वेळेवर दिले.

२०२१ च्या त्या २२ जुलैलाच महाड बुडालं, तिथल्या तळिये गावावर दरड कोसळली. सांगली-कोल्हापूरकडेही अशी घरं आहेत जिथे पाऊस वाजला की कुणीतरी उठून बसतं. त्यांच्यासाठी लिहिते: १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवरून मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवस-रात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. फोनवर काय बोलायचं ते सुचत नसेल तर "मला पावसाची भीती वाटते" एवढंच म्हणा. मीही तिथूनच सुरुवात केली.