आमची वाटचाल : आधी पलटण आणि साल, मग माप

आमचे शिवणघर स्कॉटलंडमधील स्टर्लिंग या शहरात आहे. युद्धप्रसंगांचे पुनर्सादरीकरण करणाऱ्या मंडळांसाठी हायलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील, पलटणींचे किल्टधारी गणवेश (किल्ट म्हणजे चौकडीच्या लोकरीचा, चुण्यांचा, घागऱ्यासारखा पुरुषी पोशाख), ज्या सालाचा प्रसंग असेल त्या सालाप्रमाणे शिवून देणे, हेच आमचे मुख्य काम आहे. मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या आवाजात वाढलो, त्यामुळे ताणा, बाणा आणि पन्हा यांची ओळख लहानपणापासूनच होती. माझी पत्नी उत्तम शिवणकाम जाणते. येथे आल्यावर आम्ही लग्नसमारंभात घालायचे किल्ट दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली. कमरेत सैल करणे, पट्टा बदलणे, उसवलेल्या चुण्या पुन्हा बसवणे अशी ती कामे होती, आणि या कामांनीच आम्हांला किल्ट आतून कसा बांधलेला असतो हे शिकवले.

किल्टच्या खालच्या काठाला दुमड नसते. तेथे कापडाची मूळ किनारच ठेवतात. म्हणून मोठ्या पन्ह्याचे कापड मध्यावर कापून दोन लांब पट्ट्या करतात आणि किनारीची बाजू खाली येईल अशा रीतीने त्या जोडतात. चुण्या हाताने टाचतात, आणि प्रत्येक चुणीत चौकडीची कोणती रेघ वर दिसावी हे आधी ठरवावे लागते. सैन्यात तर ही रेघच पलटणीची ओळख असते. गॉर्डन हायलँडर्सच्या किल्टवर मागच्या बाजूने पिवळी रेघ चुणीचुणीवर उभी दिसते. आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सची चौकडी मुळात ब्लॅक वॉच या पलटणीचीच, म्हणजे ‘सरकारी टार्टन’ (टार्टन म्हणजे चौकडीचे लोकरी कापड) म्हणतात तीच आहे. परंतु तिचा रंग फिकट आणि चुण्या पेटीसारख्या दुबाजूंनी घातलेल्या असतात. लंडन स्कॉटिश या पलटणीच्या किल्टवर तर चौकडीच नाही. तो साध्या राखाडी-तपकिरी लोकरीचा असतो.

२०१४ ते २०१८ या काळात पहिल्या महायुद्धाची शताब्दी पाळली गेली, तेव्हा मंडळांची मागणी वाढली आणि आमच्या व्यवसायाला खरी दिशा मिळाली. त्या वेळी पुष्कळ मंडळांकडे लग्नात वापरतात तसेच किल्ट होते आणि त्यांवर खाकी जाकीट चढवलेले असे. दुरून पाहणाऱ्याला ते पुरेसे वाटले तरी आम्हांला ते पटत नव्हते. ज्या माणसांच्या आठवणीसाठी आपण मैदानात उतरतो, त्यांनी अंगावर काय वागवले हे नीट जाणून घेणे हा त्या आठवणीचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. म्हणूनच ग्राहक आला की टेप हातात घेण्यापूर्वी आम्ही तीन गोष्टी विचारतो: पलटण कोणती, साल कोणते आणि आघाडी कोणती.

साल किती महत्त्वाचे असते, हे पहिल्या महायुद्धातच सर्वांत स्पष्ट दिसते. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेला हायलँडर सैनिक होडीच्या आकाराच्या ग्लेनगरी टोपीत होता आणि त्याच्या पायांत स्पॅट, म्हणजे बुटावरून घोटा झाकणारी कापडी आवरणे, होती; पुढे खंदकांच्या चिखलात स्पॅट मागे पडून घोट्याभोवती गुंडाळायच्या आखूड पट्ट्या आल्या आणि डोक्यावर खाकी बोनेट, म्हणजे मऊ गोल टोपी, आले. ग्लेनगरीतही भेद आहेत: आर्गाइलच्या टोपीच्या पट्ट्यावर तांबडे-पांढरे चौकोन असतात, तर ब्लॅक वॉचची टोपी साधी असते. जाकिटाची पुढची टोके गोलाकार कापलेली असत, कारण सरळ टोकांखाली किल्टचा पुढचा भाग झाकला जाई. युद्धाच्या घाईत उभारलेल्या अनेक बटालियनांना साधे जाकीट मिळाले आणि ते पलटणीतल्या शिंप्यांनी कापून घेतले. म्हणून युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांनी स्वयंसेवकांमधून उभारलेल्या नव्या फौजेतील सैनिकाचे जाकीट शिवताना आम्ही ती कापणी नंतर केल्याप्रमाणेच ठेवतो. गुडघ्याखालचे मोजे हे खरे पूर्ण मोजे नसून पाऊल नसलेले, वेगळे विणलेले भाग होते आणि बुटात साधे मोजे असत. खंदकातील सैनिकाच्या कमरेला केसाळ स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे लटकणारी पिशवी, लटकवण्याचे कारण नाही.

किल्टवर घातल्या जाणाऱ्या खाकी सुती एप्रनविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण सर्वाधिक गोंधळ तेथेच होतो. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात हे एप्रन केवळ पुढून असत. ११ डिसेंबर १८९९ रोजी मॅगर्सफाँटेन येथे हायलँड ब्रिगेडचे सैनिक शत्रूच्या गोळीबाराखाली दिवसभर उन्हात पालथे पडून राहिले. त्यांचे मागचे गडद किल्ट उघडेच होते आणि गुडघ्यांच्या मागची त्वचा भाजून निघाली. पुढे एप्रन सर्व बाजूंनी वेढणारे झाले. त्यामुळे १८९९ च्या प्रसंगात पूर्ण वेढ्याचे एप्रन घालणे चूक, आणि १९१५ च्या लूसच्या लढाईत केवळ पुढचे एप्रन घालणेही चूक. हा फरक कापडाच्या दोन हातांचा आहे, परंतु त्यामागे माणसांनी सोसलेला एक दिवस आहे.

वॉटर्लूच्या द्विशताब्दीच्या सुमारास, म्हणजे २०१५ मध्ये, आम्ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाकडे वळलो. १८१५ मधील ४२ वी, ७९ वी आणि ९२ वी या पलटणींच्या तांबड्या कोटांच्या कॉलर व बाहीटोकांचे रंग अनुक्रमे गडद निळा, गडद हिरवा आणि पिवळा असे होते. त्यांच्या किल्टमध्ये आजच्या आठ यार्डांच्या किल्टपेक्षा पुष्कळ कमी, सुमारे चार यार्ड कापड जाई, आणि पायांतील तांबडे-पांढरे मोजे विणलेले नसून तिरप्या कापडातून कापून शिवलेले असत.

‘हायलँड’ पलटण म्हणजे किल्ट, हे समीकरणही सरसकट चालत नाही. १८०९ मध्ये सहा पलटणींचा हायलँड पोशाख काढून घेण्यात आला. त्यांतली ७४ वी पलटण सहा वर्षांपूर्वीच जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढली होती आणि तेथे तिची फार मोठी हानी झाली होती. महाराष्ट्रातील वाचकांना ही पलटण ठाऊक असेल, म्हणून तिचा उल्लेख करतो: १८१० च्या प्रसंगासाठी कोणी तिचा किल्ट मागितला, तर आम्ही तो शिवून देत नाही.

कलोडनच्या, म्हणजे १६ एप्रिल १७४६ च्या लढाईसाठी येणारे ग्राहक बहुधा आपल्या कुळाच्या नावाची चौकडी मागतात. त्यांना आम्ही शांतपणे समजावतो की कुळागणिक ठरलेल्या चौकड्यांची पद्धत तेव्हा नव्हती. जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने लढणाऱ्या, सैनिकाची खूण बोनेटवरील पांढरी कोकेड, म्हणजे फितीचे फूल, ही होती. कुळांच्या नावाने चौकड्या ठरवून विकण्याची चाल नंतर रुळली, आणि तिच्यात आमच्या शेजारच्याच बॅनकबर्न गावातील विल्सन यांच्या विणकर पेढीचा मोठा वाटा होता. त्यांची १८१९ ची नमुनावही आजही आधार म्हणून वापरली जाते. अंगाभोवती गुंडाळून पट्ट्याने बांधायचे लांब प्लेड हेच अशा ग्राहकांसाठी आम्ही सुचवतो.

कृत्रिम धाग्याचे स्वस्त किल्ट आम्ही विकत नाही. बंदुकीची काळी दारू उडते तेथे ठिणग्या पडतात. लोकर जळून विझते, तर कृत्रिम धागा वितळून त्वचेला चिकटतो. शिवाय जड लोकरीच्या चुण्या चालताना मागे-पुढे जशा झुलतात, तशा हलक्या कापडाच्या झुलत नाहीत. या निर्णयामुळे काही ग्राहक गेले. परंतु जे राहिले, ते वर्षानुवर्षे येत आहेत.

२०२० मध्ये सर्व सादरीकरणे थांबली, तेव्हा मंडळांचे जुने गणवेश दुरुस्त करून आम्ही तग धरला. त्या मोकळ्या वेळात संग्रहालयांत घेतलेल्या नोंदी पलटण आणि सालानुसार लावून ठेवल्या. स्टर्लिंगच्या किल्ल्यातील आर्गाइल पलटणीचे संग्रहालय आमच्यापासून जवळ आहे आणि पर्थच्या बालहाउसी किल्ल्यात ब्लॅक वॉचचे. या दोन्ही ठिकाणी मूळ वस्त्रे समोर पाहता आली, हे आमचे भाग्य आहे.

सध्या आम्ही १९४० च्या फ्रान्समधील कॅमरन हायलँडर्सच्या पहिल्या बटालियनवर काम करत आहोत. लढाईत किल्ट घालणारी ती शेवटची बटालियन मानली जाते. खाकी बॅटलड्रेस आणि कॅमरन ऑफ एराक्ट चौकडी यांचा मेळ त्या वर्षीच्या छायाचित्रांवरून लावायचा आहे. कापड विणायला दिले असून पहिला नमुना तयार झाल्यावरच मागण्या स्वीकारू.