सुतळीत ओवलेले टॅग

सोयाबीनच्या बियाण्याचे एक रिकामे पोते माझ्या कपाटात गेली काही वर्षे घडी घालून ठेवलेले आहे. त्याच्या तोंडाला शिवलेला प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आता ग्राहक आयोगाच्या अभिलेखात आहे; पोते तेवढे माझ्याकडे राहिले. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सोळा वर्षे वकिली करते. सामूहिक दाव्यांची वकिली म्हणजे नेमके काय, असे कनिष्ठ वकील विचारतात, तेव्हा मी कायद्याच्या पुस्तकाआधी हे पोते बाहेर काढते.

२०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही. आमच्या भागातील तीन गावांचे शेतकरी दुबार पेरणी करून हताश झाल्यावर माझ्याकडे आले. एकेकाचे नुकसान काही हजारांचे होते. तेवढ्यासाठी एकट्याने जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे तारखांना जायचे म्हटले, तर एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या मजुरीतच नुकसानीइतका पैसा संपला असता. समोरची कंपनीही नेमका हाच हिशेब करत असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५(१)(क) मध्ये ज्यांचे हित समान आहे अशा अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही जणांनी आयोगाच्या परवानगीने तक्रार करण्याची सोय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश १, नियम ८ चे तत्त्वही तेच आहे. मात्र सगळा भार ‘समान हित’ या दोन शब्दांवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, हितसंबंधांतील हे साम्य तक्रारीत नुसते म्हणून भागत नाही, ते तपशिलाने मांडावे लागते. आमच्या बाबतीत त्याचा अर्थ एकच होता: सर्वांचे बियाणे एकाच कंपनीचे, एकाच वाणाचे आणि शक्यतो एकाच लॉटचे होते, हे दाखवायचे.

त्यासाठी पावत्या हव्या होत्या. “उधारीवर घेतल्यावर पक्की पावती कोन देते जी?” हे उत्तर मला त्या महिन्यात इतक्या घरांतून मिळाले की, मी प्रश्न विचारणेच थांबवले. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीचे पंचनामे झालेले होते, पण कित्येकांमध्ये लॉट नंबरचा रकाना कोराच होता. नमुना तपासायला बियाणे उरलेले नव्हते. ती अडचण मात्र कायद्याने आधीच सोडवलेली आहे. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरून टाकतो; पुढे कधी तपासणीला लागेल म्हणून त्याने मूठभर बाजूला ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. शेतीचा व्यवहार इतका नेमका ओळखणारे निकालपत्र वाचताना मला आजही समाधान वाटते.

लॉट नंबरचा प्रश्न सोडवला एका सत्तरीच्या बाईने. मी तिच्या ओसरीवर बसून तिच्या मुलाचे शपथपत्र लिहीत होते. ती आत गेली आणि ज्वारीच्या कोठीवर झाकण म्हणून टाकलेले पोते घेऊन आली. त्याची शिवण अर्धवट उसवलेली होती. पण दोऱ्याच्या शेवटच्या चार टाक्यांत निळा टॅग अडकून होता आणि त्यावरचा लॉट नंबर स्वच्छ वाचता येत होता. “हे पाय माय, याचा काही उपेग होते का?” असे तिने विचारले. त्यानंतर आम्ही तिन्ही गावांत पावत्यांऐवजी पोती शोधत फिरलो. कुठे ते गोठ्याच्या कुडाला लावलेले सापडले, कुठे न्हाणीच्या दाराला पडदा म्हणून, कुठे त्यात शेंगदाणे भरून ठेवलेले होते. पस्तीस घरांतून टॅग मिळाले आणि त्यांतील बहुतेक एकाच लॉटचे निघाले. परवानगीच्या अर्जावर युक्तिवाद करताना मी ते टॅग एका कागदावर ओळीने चिकटवून आयोगापुढे ठेवले, तेव्हा ‘समान हित’ शब्दांत सांगण्याची फारशी गरज उरली नाही.

मायकेल हॉसफेल्ड या अमेरिकन वकिलाची कारकीर्द मी बारकाईने अभ्यासली आहे, कारण स्पर्धा कायदा (कंपन्यांचे संगनमत आणि मक्तेदारी रोखणारा) आणि मानवी हक्क या दोन क्षेत्रांत एकाच माणसाने सामूहिक दावे चालवल्याचे ते मोठे उदाहरण आहे. नाझींच्या छळाला बळी पडलेल्या ज्यूंचा पैसा अडवून धरल्याचा आरोप असलेल्या स्विस बँकांविरुद्धच्या दाव्यात १९९८ मध्ये १२५ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या दाव्याच्या प्रमुख वकिलांत ते होते. जीवनसत्त्वांच्या किमती संगनमताने ठरवणाऱ्या औषध कंपन्यांविरुद्धच्या दाव्यांतही ते होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न मलाही पूर्वी पडत असे. आज मला तो संबंध स्पष्ट दिसतो. अन्याय हजारो माणसांत वाटला गेला की, तो कोणाच्याच दारी पुरेसा मोठा दिसत नाही, आणि वाटलेले ते तुकडे पुन्हा एका कागदावर आणणे हेच दोन्हीकडचे काम आहे.

आपल्याकडे स्पर्धा कायद्याच्या वाटेने हे काम फार अवघड आहे. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने संगनमताबद्दल ११ सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलांत गेले. दंड वसूल झाला तरी तो सरकारी तिजोरीत जातो. घरकुलासाठी पोत्यामागे चार पैसे जास्त मोजणाऱ्या माणसाकडे तो येत नाही. त्याच्यासाठी स्पर्धा कायद्याचे कलम ५३-न आहे, त्यात सामूहिक अर्जाचीही तरतूद आहे. पण आधी आयोगाचा किंवा अपिलाचा निष्कर्ष हाती हवा आणि मग भरपाई मागायची. कापसाच्या बाबतीत तर दारच लागले. पेटंटधारक मोन्सँटो कंपनी आकारत असलेल्या बीटी तंत्रज्ञानाच्या शुल्काबाबत स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. पेटंटधारकाच्या परवान्यांचा विषय पेटंट कायद्याच्या कक्षेत येतो, असे म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती कार्यवाही रद्द केली. त्याच २०१६ मध्ये केंद्राने ४५० ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातील तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये ठरवून दिल्याने शेतकऱ्याला थोडा आधार मिळाला, पण तो किंमत नियंत्रणाच्या आदेशाने मिळाला, दाव्याने नव्हे.

मानवी हक्कांची बाजू मला २०१७ ने शिकवली. त्या वर्षी फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. रुग्णालयाच्या वॉर्डात बसून मी जबाब लिहून घेतले. पंप पाठीवर होता त्या मजुराच्या नावावर फवारणीच्या औषधाचे बिल नव्हते, ते शेतमालकाच्या नावावर होते आणि अनेकदा तेही नव्हते. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली असल्याने कोणत्या औषधाने बाधा झाली, हा प्रश्न वैद्यकीय अहवालातही अनुत्तरित राहत होता. २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या स्वित्झर्लंडमधील कीटकनाशक कंपनीविरुद्ध तिथल्या ओईसीडीच्या (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या) राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे, म्हणजे बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयाकडे, तक्रार गेली आणि काही बाधितांच्या वतीने बासेलच्या न्यायालयाचीही वाट धरली गेली. आमच्या मातीतील मृत्यूंचा जाब तिथे विचारला जाऊ शकतो, हे मला फार मोलाचे वाटते. पण तिथेही अखेर लागते ते रिकाम्या बाटलीवरचे लेबल आणि ती त्या दिवशी त्या शेतात होती, याचा पुरावा.

फीविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. अमेरिकेतील वकिलाला मिळालेल्या भरपाईचा हिस्सा न्यायालयाच्या मंजुरीने फी म्हणून घेता येतो आणि त्यावर तो दहा वर्षे दावा चालवू शकतो. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार आम्हाला तसे करता येत नाही. वाटपाचे दावे, मोटार अपघाताचे खटले, न वटलेल्या धनादेशांची प्रकरणे यांवर माझे घर आणि ऑफिस चालते. सामूहिक तक्रारीत सर्व संबंधितांना कळावे म्हणून द्याव्या लागणाऱ्या जाहीर नोटिशीचा खर्च गावांनी वर्गणी काढून दिला. हा नियम बदलावा असे मी म्हणणार नाही, कारण अडलेल्या अशिलाकडून निम्मी भरपाई लिहून घेणारी माणसे मी पाहिली आहेत. परंतु सामूहिक दाव्यांच्या खर्चासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे स्वतंत्र निधी असावा, ही मागणी मी करत राहीन.

आमची तक्रार अजून चालू आहे. जूनमध्ये एका साक्षीसाठी मी त्या बाईच्या घरी पुन्हा गेले. देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला सुतळी टांगलेली होती आणि त्या सुतळीत यंदाच्या बियाण्याचे दोन टॅग ओवलेले होते. पलीकडे आणखी पाच होते. ते कोणाचे, असे विचारल्यावर तिने शेजारच्या दोन घरांकडे बोट दाखवले.